उंबरखोरीशी कायमची जोडी

एका चिंचोक्यावर डाव्या हाताचं बोट दाबून धरायचं, जसा काही तो पळूनच जाणार आहे, आणि उजव्या हाताने बाकीचे चिंचोके एकेक घर पुढे ढकलायचे. ढकलताना म्हणायचं, "हा हितंच. बाकीचे फिरवा."

दिवाळी आटोपली की दरवर्षी माझ्या दुकानाच्या काउंटरवर हा कार्यक्रम चालायचा. दुकान म्हणजे भोरच्या एसटी स्टँडसमोरचं झेरॉक्स आणि टायपिंगचं. गिऱ्हाईक आधार कार्डाची झेरॉक्स मागायचं आणि मी म्हणायचो, "जरा थांबा, भोर आणि वेल्हे अजून जुळले नाहीत." गिऱ्हाईक घाबरून पुढच्या दुकानात जायचं. या साखळी सामन्यांच्या पायी मी किती गिऱ्हाइकं घालवली याचा हिशेब माझी बायको ठेवते, मी ठेवत नाही.

हे चिंचोके फिरवणाऱ्यांचं नाव सांगत नाही. भोरच्या स्टँडवर कधीकाळी गाडीची वाट पाहिली असेल, तर तुम्ही त्यांचा आवाज ऐकलेला आहे. ते एसटीत कंट्रोलर होते. निवृत्त झाले तरी आम्ही कंट्रोलरसाहेबच म्हणायचो. साधं बोलताना त्यांच्या तोंडी वेल्ह्याकडची बोली असायची. पण काही महत्त्वाचं सांगायचं असलं की उजव्या हाताची मूठ आपोआप तोंडाशी जायची, माइक धरल्यासारखी, आणि भाषा एकदम शुद्ध व्हायची. एकदा चहात साखर जास्त झाली तेव्हाही मूठ वर गेली होती. हॉटेलातली चार माणसं उठून पिशव्या शोधायला लागली.

आमची साखळी म्हणजे कबड्डीची. दोन गट. भोर गटात उत्रोली, भाटघर, वरवे अशी गावं, आणि पलीकडे वेल्हे गट. वेल्ह्याचं सरकारी नाव आता बदललं, पण साखळीत अजून वेल्हे गटच म्हणतात. नाव बदलायचा विषय निघाला की सभा जेवायला उठते. मी या साखळीचा चिटणीस, शिवाय उत्रोली संघाचा व्यवस्थापक. ही दोन्ही पदं मला मिळाली, कारण सभेत टायपिंग कुणाला येतं असं विचारलं तेव्हा मी हात वर केला.

आता यातली मेख ऐका. आपल्या गटात प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, हे सोपं. पण पलीकडच्या गटातल्या सगळ्यांशी खेळायचं म्हटलं तर मोसम पुरायचा नाही. मधे भाताची झोडणी, मधे लग्नं, मधे घाट, आणि एसटी असली तर असली. म्हणून कंट्रोलरसाहेबांनी फार पूर्वी ठरवून टाकलं होतं: पलीकडच्या गटातला एक संघ कायमचा आणि एक फिरता. फिरता दरवर्षी बदलायचा, ओळीने, गाडीचा फलक बदलावा तसा. कायमच्याशी मात्र दरवर्षी गाठ. एका वर्षी आपल्या मैदानावर, पुढच्या वर्षी त्यांच्या.

भांडणं होत ती कायमच्यावरून. वरव्याची जोडी वेल्हे गटातल्या सगळ्यांत दांडग्या संघाशी होती. वरव्याचे अण्णा, त्यांच्या संघाचे कारभारी, दरवर्षी सभेत उभे राहून तेच म्हणायचे. "आमच्या नशिबी कायमचे पैलवान, आन् उत्रोलीच्या नशिबी कायमचं पानी! ह्यो न्याय व्हय?"

सभा हसायची, आणि सगळे माझ्याकडे बघायचे. कारण उत्रोलीची कायमची जोडी होती उंबरखोरीशी. आणि उंबरखोरी धरणाच्या पाण्याखाली होती.

गाव उठलं त्याला बरीच वर्षं झाली. माणसं कुणी दौंडकडे गेली, कुणी शिरूरकडे, कुणी इंदापूरकडे. जिथे जमीन मिळाली तिथल्या गावाच्या कडेला वसाहत झाली आणि पत्त्यावर त्या गावाचं नाव आलं. तरी आमच्या भाग्यपत्रिकेत, म्हणजे सामन्यांच्या छापील तक्त्यात, वेल्हे गटाच्या तळाशी उंबरखोरी छापलेलं असायचंच. तिच्याशी ज्याचा सामना, त्याला पुढे चाल. वेल्हे गटातल्या सगळ्यांनाच ती मिळायची, त्यामुळे तिकडे कुणाचं काही बिघडत नव्हतं. भोर गटात मात्र दरवर्षी न खेळता गुण घेणारे एकटे आम्ही. भाटघरचे लोक आम्हाला बघितलं की नाक दाबून बुडी मारल्याचा अभिनय करायचे.

कंट्रोलरसाहेब उंबरखोरीचे. गाव उठलं तेव्हा ते भोरला नोकरीत होते, म्हणून जवळच राहिले. भाऊ दौंडकडे गेला. एकदा कुणीच गिऱ्हाईक नसताना ते मला म्हणाले होते, "रोज सकाळी आन् संध्याकाळी माइकवर म्हनायचो मी. वेल्हेमार्गे उंबरखोरी. मग गाडी बंद झाली. आता वर्षातून एकदा तुमच्या मशीनमधून नाव बाहेर पडतंय तेवढंच. दुसरीकडं कुठंच न्हाई बगा."

हे ऐकून माणसाने गप्प बसावं. मी म्हणालो, "मग फॉन्ट जरा मोठा करू का?"

ते म्हणाले, "करा."

एके वर्षी मला शहाणपण सुचलं. चिंचोके कशाला, संगणक आहे, म्हणून मी रात्री बसून स्वतःच वेळापत्रक लावलं. त्यात भाटघरचा सामना भाटघरशीच लागला. छापूनही गेलं. भाटघरची पोरंही अशी, की दोन भाग पाडून त्यांनी तो सामना खेळला, आणि भाटघर हरलं म्हणून माझ्याकडे तक्रार घेऊन आली. त्यानंतर मी संगणकाला फक्त टायपिंगला ठेवलं.

पण खरी गंमत, म्हणजे तुम्ही तिला गंमत म्हणणार असाल तर, प्रतींची होती. प्रत्येक संघाला भाग्यपत्रिकेची एक प्रत जायची. कंट्रोलरसाहेब उंबरखोरीचीही मागून घ्यायचे. नीट घडी घालून वरच्या खिशात ठेवायचे. "ही मी पोचिवतो." चार-पाच दिवसांनी दुकानाच्या पायरीवर उभं राहून सांगायचे, "पोचली. त्यांची हरकत न्हाई."

मी एकदा चेष्टेने विचारलं, "हरकत असती तर?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "गेल्या साली हुती की. म्हनून तर तारीख बदलली आपन. इसरला?"

तारीख बदलली होती खरी. आदल्या वर्षी त्यांनी तो सामना आठवडाभर पुढे ढकलायला लावला होता, आणि छापून झालेल्या कागदावर मी हाताने दुरुस्त्या करत बसलो होतो. पहिल्या तारखेला अवकाळी पाऊस झाला आणि धरणाकडे उतरणारी पायवाट वाहून गेली, हे मला तेव्हा आठवलं. मी काउंटरवरचे चिंचोके डबीत भरायला लागलो. काहीतरी करायचं म्हणून.

मग ती सभा झाली. नसरापुरात, शाळेच्या वर्गात, आम्ही सगळे लहान मुलांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेलो. वेल्हे गटात एका नव्या वाडीच्या संघाला यायचं होतं. पोरं चांगली होती, मॅटवर सराव करणारी. जागा करायची तर एक नाव काढावं लागणार, आणि कुठलं ते सगळ्यांना माहीत होतं.

वरव्याचे अण्णा उठले. या वेळी ते ओरडले नाहीत, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. "साहेब, तुमचं दुक आमाला समजतं. पर जित्या पोरास्नी भाईर ठिवून आपन नाव कुनाचं धरून बसलोय? तुमीच सांगा."

कंट्रोलरसाहेबांची मूठसुद्धा वर गेली नाही. ते समोरच्या फळ्याकडे बघत होते. फळ्यावर कुणीतरी बेडकाची आकृती काढून भाग दाखवले होते.

अशा वेळची शांतता मला सहन होत नाही. कुणी रडकुंडीला आलं की माझ्या तोंडून विनोद बाहेर पडतो. लग्नात, मयतात, कुठेही. मी उठलो, म्हणजे बाकात अडकलेले पाय सोडवत अर्धा उठलो, आणि म्हणालो, "असं करू. यंदा उंबरखोरीने एक, फक्त एक गुण मिळवून दाखवावा. मिळाला तर नाव कायमचं. नाही मिळाला तर पुढच्या साली काढू. काय?"

वर्ग खदखदून हसला. भाटघरच्या एकाने बाक वाजवला. अण्णासुद्धा हसले आणि म्हणाले, "मंजूर!"

हसले नाहीत ते एकटे कंट्रोलरसाहेब. ते वळून माझ्याकडे बघत होते, आणि हळूहळू त्यांची मूठ वर आली.

"चिटणीसांनी ठराव मांडलेला आहे. सभेने तो मंजूर केलेला आहे. यंदाचा उत्रोली–उंबरखोरी सामना उंबरखोरीच्या मैदानावर आहे. उत्रोली संघाने वेळेवर हजर राहावे."

"अहो साहेब, पुढे चाल आहे ती," मी म्हणालो. "कागदावर लिहून टाकू नेहमीसारखं."

"नियम वाचा. पुढं चाल पायजे, तर समोरच्याच्या मैदानावर जायचं, एक चढाई करायची, परत यायचं. एवढी वर्सं तुमी गेला न्हाई, मी बोललो न्हाई."

"आणि आम्ही नाही गेलो तर? दोघंही गैरहजर. बरोबरी."

"ते कुठं गैरहजर?" ते शांतपणे म्हणाले. "ते मैदानावरच हायेत."

आता कुणी हसलं नाही. ठराव मांडताना मी विनोद केला होता, आणि तो गृहस्थ त्याला दोरी समजून धरून लटकला होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. दोरीचं दुसरं टोक माझ्याच हातात होतं.

उंबरखोरीचं मैदान फक्त उन्हाळ्याच्या शेवटाला वर येतं. पाणी उतरतं, आधी देवळाचा चौथरा दिसतो, मग त्याच्यापुढची सपाट जागा. तिथेच पूर्वी कबड्डी व्हायची. म्हणून तिथला सामना ते सगळ्यात शेवटी लावायचे.

वैशाखात आम्ही जीपने निघालो. सात गडी, मी, आणि पुढच्या सीटवर कंट्रोलरसाहेब, पांढऱ्या शर्टात, गळ्यात शिट्टी. आमचा कप्तान संपत. एरवी टेम्पो चालवतो, अंगाने रेड्यासारखा, चढाईला गेला की दोघांना ओढत आणतो. तो वाटेत सारखा गाणी लावत होता. वेल्हे मागे पडलं आणि मोबाईलची रेंज गेली तशी गाणी थांबली. पुन्हा लावायचं कुणी नाव काढलं नाही.

रस्ता जिथे संपतो तिथे जीप लावून आम्ही खाली उतरत गेलो. दुपार होती, ऊन चांगलं होतं. हे मुद्दाम सांगतो. अंधाराचा, धुक्याचा काही प्रकार नव्हता. गाळ वाळून भेगा पडलेल्या, त्यात शंख-शिंपल्यांचा चुरा. चौथऱ्याच्या दगडांवर पाण्याच्या पातळ्यांच्या रेघा. पक्षी नाही, गुरं नाहीत. आपण बोललो की समोरच्या डोंगरावरून आपलंच बोलणं परत यायचं, पण जरा उशिरा, जसं काही तिकडे कुणीतरी ते आधी ऐकून घेत होतं.

आणि मैदान आखलेलं होतं.

फक्कीच्या पांढऱ्या रेषा, ताज्या, सरळ. मध्यरेषा, निदानरेषा, सगळं मापात. मी कंट्रोलरसाहेबांकडे बघितलं. "तुम्ही येऊन गेलात काय आधी?"

"मी कशाला? त्यांचं मैदान हाय. आखायचं काम त्यांचं."

ते पलीकडच्या अर्ध्या भागाच्या कडेला गेले आणि रिकाम्या मातीकडे बघून बोलायला लागले. हळू, घरच्यासारखं. "कोपरा मोकळा सोडू नगंस रं. मागच्या टायमाला तितनंच गेला न्हाई का? आन् तू, साखळी धर नीट. हात ढिला हाय तुजा." मग कुणाचं तरी ऐकल्यासारखं थांबले आणि हसले. मी त्यांना दात दिसतील असं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी शिट्टी वाजवली. "उत्रोली, चढाई."

संपत मध्यरेषेपर्यंत गेला. मांडीवर थाप मारली. मग तसाच उभा राहिला.

"काय झालं रे?" मी ओरडलो.

"मी न्हाई जात."

"अरे रिकामं आहे ते! जा, रेषेला पाय लाव, ये परत."

"तुमी जा मंग," तो म्हणाला. वळून आपल्या जागी येऊन उभा राहिला. त्याच्या कपाळावर घाम होता, पण तो धावल्यावर येतो तसा नव्हता. बाकीच्या सहा जणांना एकाएकी स्वतःचे पाय फार बघण्यासारखे वाटायला लागले.

"कोन येतंय?" कंट्रोलरसाहेबांनी घड्याळ बघत विचारलं. "न्हाई आला कोन, तर चढाई गेली."

संघाची यादी भरायची म्हणून बारावा गडी म्हणून मी दरवर्षी माझंच नाव घालतो. हे सगळ्यांना माहीत होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आता माझ्याकडे बघा. पोट असं, की बुटाची नाडी बांधायला मला खुर्ची लागते. कबड्डी शेवटची खेळलो ती शाळेत, आणि तेव्हाही धावताना चड्डीची नाडी सुटली म्हणून गुरुजींनी सामना थांबवला होता. पण सात जणांसमोर माघार घ्यायची म्हणजे मग भोरात दुकान उघडायला नको. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, मोबाईल संपतच्या हातात दिला, आणि मध्यरेषा ओलांडली.

कबड्डी कबड्डी कबड्डी.

पहिली चार पावलं सोपी गेली. निदानरेषा ओलांडल्याशिवाय चढाई धरत नाहीत, आणि ती रेषा पुढे दिसत होती. माझा आवाज डोंगरावरून परत येत होता, कबड्डी कबड्डी, उशिरा. मी जरा जोर केला. रेषेपलीकडे पाय टाकला, आणि वरची वाळलेली खपली फुटून पाय घोट्यापर्यंत आत गेला.

खाली ओला गाळ होता. वर्षभर मी हेच सांगतोय. गाळच होता.

मी पाय ओढला, तो येईना. दुसरा पाय घसरला. मी गुडघ्यावर आलो आणि माझा दम तुटला. तुटला म्हणजे तोंडातून आवाज बंद झाला, छातीत नुसती शिट्टी वाजायला लागली.

कबड्डी कबड्डी कबड्डी.

मी गप्प होतो. डोंगरावरून यायचा तो आवाज येतच राहिला. आणि तो एकाचा नव्हता. तो पुढून नाही, चारी बाजूंनी येत होता, खांद्याच्या उंचीवरून, जसा माणसं कडं करून उभी राहिल्यावर येतो. आवाजात राग नव्हता. खेळताना असते तेवढी खुन्नस होती, बास.

शिट्टी वाजली.

तो आवाज एकदम थांबला, आणि घोट्याभोवतीची पकड सुटली. तुम्ही कबड्डी बघितली असेल, तर शिट्टीनंतर पकड कशी सुटते ते तुम्हाला माहीत आहे. आधी घट्ट, मग एकदम मऊ. आणि मग समोरचेच गडी काखेत हात घालून उभं करतात, पाठीवर एक चापटी देतात. मी उभा राहिलो. माझे सातही गडी मध्यरेषेच्या त्या बाजूला होते, आणि मी तुम्हाला सांगतो, मी स्वतःच्या ताकदीने उभा राहिलो नव्हतो. पाठीवर चापटीही बसली.

कंट्रोलरसाहेबांची मूठ तोंडाशी गेली होती, शिट्टीसकट. मग त्यांनी शिट्टी खाली केली.

"चढाईपटूचा दम समोरच्या अंगणात तुटलेला आहे. चढाईपटू बाद. उंबरखोरी, एक गुण."

आवाज डोंगरापर्यंत गेला. परत आला नाही.

नियमाने बरोबर होतं. यात वादाला जागाच नव्हती, आणि मला वाद घालायचाही नव्हता. मला जीपमध्ये बसायचं होतं. पण ते म्हणाले, "थांबा. हात मिळवायचे ऱ्हायले." सामना संपल्यावर दोन्ही संघ ओळीने हात मिळवतात, ती रीत. आमच्यातलं कुणी हललं नाही. मग ते एकटेच त्या रेषेवरून गेले, वाकून, थांबत, हात पुढे करत. शेवटी एका जागी ते बराच वेळ उभे राहिले. त्यांचा हात कुणाच्या तरी खांद्यावर असल्यासारखा हवेत होता, आणि तो खाली पडत नव्हता.

"चला साहेब," मी लांबून म्हणालो.

"तुमी व्हा पुढं," ते न वळता म्हणाले. "मी ह्यांच्याबरूबर येतो."

आम्ही वर जीपपाशी थांबलो. ते चौथऱ्याच्या पलीकडे चालत गेलेले दिसले, आणि मग दिसले नाहीत. तासभर वाट पाहिली. मी आणि संपत पुन्हा खाली गेलो, हाका मारल्या. चौथऱ्यामागे नुसतं पाणी होतं. संपत रडायच्या बेतात. "पोलिसांत काय सांगायचं? म्हातारं कुनाबरूबर गेलं म्हनून सांगायचं?" शेवटी दिवस कलला तसे आम्ही भोरकडे सुटलो, भोरच्या पोलीस ठाण्यात वर्दी द्यायची ठरवून. वाटेत कुठे थांबलो नाही.

स्टँडसमोर गाडी वळवली तर कंट्रोलरसाहेब माझ्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून चहा पीत होते. कप अर्धा झालेला. चपलांचा गाळ ओलाच होता.

"कशानं आलात?" मी विचारलं.

"गाडीनं."

"कुठल्या गाडीनं? तिकडं गाडी नाही साहेब. तुम्हीच सांगितलंत, बंद झाली."

"असती की," ते म्हणाले. कपातला चहा त्यांनी संपवला. "तुमाला टाइम म्हाईत न्हाई." आणि मग, फार समजूत घालणाऱ्या आवाजात, "पायाला लागलं न्हाई ना, चिटनीस? पोरं म्हनत हुती, मानूस जड हाय, जपून धरा."

त्यानंतरच्या सभेत अण्णांनी काही विचारलं नाही. नव्या वाडीलाही घेतलं, एक सामना वाढवून; ते करता येत होतं हे आधी कुणाला सुचलं नव्हतं, मला तर नाहीच. उंबरखोरी कायम. मी गुणतक्त्यात तिच्यापुढे एक असा आकडा टाइप केला. तो बघायला कंट्रोलरसाहेब दोनदा येऊन गेले.

पावसाळ्यात ते गेले. झोपेत, कुणाला त्रास न देता. तेव्हा ते मैदान पुरतं पाण्याखाली होतं. नीरेच्या काठी आम्ही उभे होतो तेव्हा दौंडकडून, शिरूरकडून एकेक माणसं येत गेली, ज्यांना भोरात कुणी ओळखत नव्हतं आणि जी एकमेकांनाही थांबून थांबून ओळखत होती. एक म्हाताऱ्या बाई माझ्याजवळ आल्या. "आमच्या गावाचं नाव आजून छापत्यात म्हनं कुटं. बगायला मिळंल का बाबा?" मी त्यांना दुकानात नेलं. त्यांना वाचता येत नव्हतं. मी बोट ठेवून दाखवलं, त्यांनी त्या अक्षरांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मोठ्ठं हाय की."

पुढच्या हिवाळ्यात तो सामना आमच्या अंगणात होता, उत्रोलीला. पंच नव्या होत्या, शाळेतल्या खेळाच्या मॅडम, पुण्याहून बदली होऊन आलेल्या. त्यांना मी एवढंच सांगितलं होतं, की पुढे चाल आहे, एक चढाई झाली की शिट्टी वाजवा. मी बाजूच्या लाकडी बाकावर बसलो होतो, मधोमध, कारण तो बाक एका टोकाला बसलं की दुसऱ्या टोकाने वर उचलला जातो. भाताच्या कापलेल्या खाचरांवर सकाळचं ऊन होतं.

मॅडमनी शिट्टी वाजवली. संपत मध्यरेषेवर आला. समोर रिकामी माती. त्याने मांडीवर थाप मारली, आणि हात वर केला.

"मॅडम, हरकत हाय."

"हरकत? कसली?"

"त्यांचे आठ जन उभे हायेत. सातच पायजेत ना मैदानात?"

मॅडमनी आधी त्याच्याकडे, मग रिकाम्या अंगणाकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "हे काय चाललंय?"

मी संपतकडे बघितलं. तो चेष्टा करत नव्हता. त्याला घामही आला नव्हता. तो नुसता मोजून थांबला होता, जसा कप्तानाने थांबावं. मला त्या मातीत काही दिसलं नाही, कधीच दिसलेलं नाही. मला फक्त धरलं जातं.

"बरोबर आहे त्याचं," मी मॅडमना म्हणालो. "एकाला राखीव बसावं लागेल. नवीन आलेत, त्यांना सवय नाही अजून."

आणि मी बाकाच्या एका टोकाला सरकलो. माझ्या वजनाने दुसरं टोक वर उचललं गेलं. तसंच राहिलं, वाट बघितल्यासारखं. मग ते हळूच खाली आलं आणि जमिनीला टेकलं.

"हां," संपत म्हणाला. "आता बराबर." आणि दम भरून आत गेला.